गियर किती ते मोजू नका, सगळ्यात हलका गियर किती हलका ते मोजा: आपल्या दमाला आणि आपल्या घाटाला झेपेल असं एमटीबीचं (माउंटन बाइकचं) गियरिंग

सायकलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती गियरची?" आणि मग २१ पेक्षा २४ बरी, २४ पेक्षा २७ बरी असं करत आपण बजेट वाढवत जातो. हल्ली तर उलटंच झालंय, महागाच्या सायकलला १२ गियर आणि स्वस्तातलीला २१, त्यामुळे नवीन माणूस आणखीच गोंधळतो. माझं सांगणं एवढंच आहे की गियर किती आहेत ते सोडून द्या, सगळ्यात हलका गियर किती हलका आहे ते बघा आणि तो तुमच्या पायांना आणि तुमच्या घाटाला पुरतो का हे एकदा कागदावर मांडून बघा. गणित सातवीतलं आहे, खाली सगळं सोडवून दाखवते.

आधी हे का लिहितेय ते सांगते. माझी पहिली एमटीबी होती २७.५ इंची चाकांची, पुढे तीन चक्रं ४२-३४-२४ आणि मागे सात, १४ पासून २८ दातांपर्यंत. एकूण २१ गियर, मला वाटलं झालं काम. पहिल्याच महिन्यात सिंहगडाला गेले आणि अर्ध्याहून जास्त रस्ता सायकल ढकलत चढले, दुसऱ्या वेळी पण तेच, तिसऱ्या वेळी हट्टाने उतरलेच नाही तर दोन दिवस उजवा गुडघा दुखत होता. ग्रुपमधे सगळ्यांचं एकच, स्टॅमिना कमी आहे, रोज चालव, होईल. मी रोज चालवली सुद्धा. नंतर एका वयस्कर मेकॅनिक काकांनी मागचे दात मोजले आणि म्हणाले, अहो ताई हा चढाचा गियरच नाहीये, याच्यावर तुम्ही काय कोणीही दमेल. त्यांनी मागचं १४-२८ काढून १४-३४ बसवलं, चेन नवी आणि थोडी लांब टाकली, आणि पुढच्याच रविवारी त्याच पायांनी मी न उतरता वर गेले. हळूच गेले, पण गेले. त्या दिवसापासून कोणी "माझा स्टॅमिनाच नाही" म्हणालं की मी आधी त्याच्या सायकलचे दात मोजते.

आता मोजायचं कसं. पुढच्या पेडलपाशी जे चक्र असतं ते चेनरिंग आणि मागची चळत म्हणजे कॅसेट (स्वस्त सात-स्पीडमधे, म्हणजे मागे सात चक्रं असलेल्यात, बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं, दोन्हीतला फरक पुढे येईल). पुढचे दात भागिले मागचे दात, झालं गुणोत्तर. ते जितकं लहान तितका गियर हलका. माझ्या जुन्या सायकलचा सगळ्यात हलका गियर २४ भागिले २८ म्हणजे ०.८६, तो काकांनी २४ भागिले ३४ म्हणजे ०.७१ केला. हल्लीच्या १२ स्पीड सायकलला पुढे ३२ आणि मागे ५१ असेल तर ०.६३ येतं. आणि जुन्या तीन चेनरिंगवाल्या २४ गियरच्या सायकलला पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर ०.६५, म्हणजे बघा, दहा वर्षं जुनी ट्रिपल आणि आजची वन-बाय-ट्वेल्व (पुढे एकच चक्र, मागे बारा) चढावर जवळजवळ सारखीच. हे दुकानात कोणी सांगत नाही.

पण नुसतं गुणोत्तर पुरत नाही, चाकाचा आकार पण धरायला लागतो कारण मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे तोच गियर मोठ्या चाकावर जड लागतो. २७.५ चं चाक सव्वादोन इंची टायरसकट एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं आणि २९ चं साधारण २.३ मीटर. जुनं २६ इंची असेल तर दोन मीटरच्या थोडं वर. तुमचं नेमकं हवं असेल तर व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, फरशीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून कोणाला तरी धरायला सांगून एक फेरी पुढे जा, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी खूण करा आणि टेपने मोजा. आता गुणोत्तर गुणिले चाकाची फेरी केलं की पेडल एकदा पूर्ण फिरवल्यावर सायकल किती पुढे जाते ते कळतं. माझी जुनी: ०.८६ गुणिले २.२, म्हणजे १.८९ मीटर. फ्रीव्हील बदलल्यावर: १.५५ मीटर. हा आकडा लिहून ठेवा, पुढे हाच लागणार आहे.

आता दुसरी बाजू, तुमचा दम. यासाठी पॉवर मीटर वगैरे काही लागत नाही, एक ओळखीचा घाट आणि घड्याळ पुरे. घाट असा निवडा की चढ सलग अर्धा तास तरी पाहिजे. पुण्याला सिंहगड, साताऱ्याला यवतेश्वर, वाईला पसरणी, कोल्हापूरला जोतिबा, जो तुमचा असेल तो. सिंहगडाचा रस्ता पायथ्याच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत नऊएक किलोमीटर आणि उंची साधारण ६०० मीटर. तुमच्या घाटाची उंची फोनमधल्या मॅपवर वरचा आकडा वजा खालचा आकडा करून काढा. मग एका सकाळी शांतपणे चढा, शर्यत म्हणून नाही, असं चढा की बाजूच्या माणसाशी तुटक वाक्यांत बोलता येईल. थांबलात तर थांबलेला वेळ वजा करा. उंची भागिले तास, म्हणजे तुम्ही तासाला किती मीटर उंची चढता ते. मला त्या वेळी सिंहगडाला चढायला १ तास २० मिनिटं लागायची, म्हणजे तासाला ४५० मीटर. माझा नवरा ८४ किलोचा आहे पण फुटबॉल खेळलेला, तो एका तासात जातो, म्हणजे ६००. नव्याने सुरू केलेल्या माणसाचं ३०० ते ४०० येणं अगदी नॉर्मल आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या आकड्यात तुमचं वजन, सायकलचं वजन, तुमची ताकद सगळं आपोआप आलेलं असतं, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात आवडते. आता कुठल्याही चढावर तुमचा वेग किती पडेल ते काढता येतं. तासाला चढायची उंची भागिले चढाचा टक्का, भागिले १०, उत्तर किलोमीटर प्रति तास. १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. माझे ४५०, १० टक्क्यांवर: ४.५ किलोमीटरचा वेग. नवऱ्याचा ६. ७ टक्क्यांवर माझा ६.४. सिंहगडाचा सरासरी चढ साधारण ७ टक्क्यांच्या आसपास बसतो पण तो सरळ एकसारखा नाहीये, मधे सपाटीसारखे पट्टे आहेत आणि काही ठिकाणी १० च्या वर जातो, आणि माणूस उतरतो तो तिथेच, म्हणून गणित सरासरीवर करायचं नाही, सगळ्यात खड्या पट्ट्यावर करायचं.

आता दोन्ही जोडा. ४.५ किलोमीटर तासाला म्हणजे मिनिटाला ७५ मीटर. माझ्या जुन्या सायकलवर एका पेडल फेरीत १.८९ मीटर, म्हणजे मिनिटाला ४० फेऱ्या. ४० फेऱ्या म्हणजे काय ते एकदा करून बघा, प्रत्येक पेडल जिना चढल्यासारखं दाबावं लागतं, सायकल धक्क्याधक्क्याने पुढे जाते आणि हँडल डुलायला लागतं. १४-३४ लावल्यावर त्याच वेगाला ४८ फेऱ्या झाल्या. फरक आठच फेऱ्यांचा वाटतो पण काम तेवढंच असताना फेऱ्या वाढल्या की प्रत्येक फेरीला लागणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो, इथे जवळपास १८ टक्के कमी. हजारो वेळा गुडघ्यावर १८ टक्के कमी जोर, म्हणूनच दुखणं थांबलं.

किती फेऱ्या असाव्यात यावर लोक भांडतात. माझा अनुभव असा की लांब घाटात ६० च्या आसपास मिळाल्या तर सुख, ५० पर्यंत चालतं, ४५ च्या खाली गेलं की पायांची वाट लागायला सुरुवात. सपाटीला ८० वगैरे, ती वेगळी गोष्ट. खडा पट्टा दोन-तीनशे मीटरचाच असेल तर आपण थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त जोर लावू शकतो, मी तिथे माझा आकडा ३० टक्के वाढवून धरते. म्हणजे ४५० च्या जागी ५८५. पण हे छोट्या पट्ट्यापुरतंच, दोन किलोमीटरचा खडा चढ असेल तर असं धरू नका, मधेच फसाल.

उलटं गणित पण करून बघा, दुकानात तेच जास्त कामाला येतं. समजा तुमचे ४०० मीटर आहेत आणि घाटात १० टक्क्यांचा लांब पट्टा आहे. वेग ४, मिनिटाला ६७ मीटर. ५० फेऱ्या पाहिजेत तर एका फेरीत १.३३ मीटर. २९ चं चाक असेल तर भागिले २.३, गुणोत्तर ०.५८. मागे ५१ असेल तर पुढे ३० पाहिजे (३० भागिले ५१, ०.५९). आता दुकानदार ३४ चेनरिंगची सायकल दाखवत असेल तर त्याच्यावर ०.६७ येतं आणि फेऱ्या ४४ च्या खाली जातात, म्हणजे ही सायकल तुमच्यासाठी नाही किंवा आहे पण चेनरिंग बदलूनच. एवढं गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

हलक्याला पण एक मर्यादा आहे. साडेतीन-चार किलोमीटरच्या खाली वेग गेला की तोल राखणंच अवघड होतं, त्यापेक्षा उतरून चाललेलं बरं. गुणोत्तर ०.५ आणि २९ चं चाक असेल तर ६० फेऱ्यांना ४ किलोमीटर येतात, म्हणून ०.५ च्या खाली जाण्यात फारसा अर्थ नाही असं मला वाटतं.

आता जमिनीचं बघू, कारण डांबरी घाट एक आणि टेकडी एक. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा कुठल्याही मुरमाड पायवाटेवर चढ छोटे असतात पण खडे, १५ टक्के सहज, आणि खाली सुटे दगड. इथे हलका गियर असून पण काही वेळा उपयोग होत नाही कारण फार हलक्या गियरमधे पेडल दाबलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं किंवा पुढचं उचललं जातं. तिथे सगळ्यात हलक्यापेक्षा एक गियर जड ठेवायचा, सीटच्या टोकावर सरकायचं, छाती हँडलकडे आणायची आणि उभं न राहता एकसारखं फिरवायचं. टेकडीवर अजून एक, चढ अचानक येतो. रस्त्यावर घाट येतोय हे आधी दिसतं, पायवाटेवर वळण घेतलं की समोर भिंत, त्यामुळे एका हाताने पटपट तीन-चार गियर हलकं करता येणारी सिस्टीम फार सोयीची पडते, आणि वन-बायची खरी मजा तिथेच आहे, पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) नाही, विचार नाही, चेन पडण्याची भीती कमी. ज्यांचं निम्म्याहून जास्त चालवणं टेकडीवर आहे त्यांनी परवडत असेल तर वन-बाय घ्या असं मी मनापासून सांगेन.

पावसाळ्यात काळ्या मातीतून जायचं असेल तर गणित सरळ एक गियर हलकं धरा. चिखल टायरला आणि फ्रेमला चिकटून सायकल जड होते ते वेगळं, आणि चाक रुततं ते वेगळं. मी सपाट बांधावरून जाताना घाटातला गियर वापरलेला आहे.

कोकणातली गोष्ट पूर्ण वेगळी. किनाऱ्याने खाली जाताना रस्ता सारखा खाडीपाशी उतरतो आणि परत सड्यावर चढतो, जेटीवरून बाहेर पडलं की लगेच चढ. दाभोळ-धोपावे असो की तवसाळ-जयगड, फेरीबोटीतून उतरून पाय गरम व्हायच्या आत दम काढतो. घाटासारखे लांब नाहीत पण दिवसभरात असे दहा-बारा येतात आणि सायकलला बॅगा असतात. सामानाचं गणित सोपं आहे, तुमचा तासाचा आकडा सामानाशिवायचं एकूण वजन आणि सामानासकटचं एकूण वजन या प्रमाणात कमी करा. मी, सायकल, पाणी मिळून ७५ किलो. बॅगांचे १४ धरले तर ८९. माझे ४५० झाले ३८०. सामान घेऊन पहिल्यांदा जाणारे लोक हे गणित करत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो शोधत असतात.

मनाली-लेहला जाणारे आपल्याकडे खूप आहेत म्हणून तेही. तिथला रस्ता फौजेच्या ट्रकसाठी काढलेला, त्यामुळे चढ आपल्या घाटांपेक्षा खडा नाही, उलट सौम्यच, पण संपत नाही. आणि हवा विरळ. तांगलांग ला ही खिंड ५३०० मीटरच्या वर, लेहच्या पुढची खारदुंग ला पण तेवढीच (पाटीवर ५६०२ लिहिलेलं होतं पण प्रत्यक्षात ५३५९ च्या आसपास आहे). एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे घरी ज्या गियरवर गप्पा मारत चढता तोच तिथे छातीत धडधड करतो. तिथे जायचं असेल तर तुमचा घरचा आकडा दोन तृतीयांश धरूनच गियर ठरवा. सिंहगडाला पुरतो म्हणून तिथे पुरेल असं समजू नका.

आणि सगळ्यात जड गियर? त्याच्याबद्दल मला फार बोलायचं नाही. ३२ पुढे आणि १० मागे असेल तर २९ च्या चाकावर ८० फेऱ्यांना ३५ किलोमीटरचा वेग येतो, एमटीबीवर सपाटीला ३५ कोण धरून ठेवतंय, आणि उतारावर पाय थांबवून बसायचं असतं. फक्त ज्यांचा रोज २० किलोमीटर हायवेने ऑफिसचा रस्ता आहे आणि रविवारी टेकडी, त्यांच्यासाठी तीन किंवा दोन चेनरिंगवाली सायकल अजूनही छान आहे. ४२-३२-२२ आणि ११-३४ ची एकूण रेंज ३२ आणि १०-५१ वाल्यापेक्षा जास्तच भरते, आणि झिजलेले पार्ट तालुक्याच्या गावात पण मिळतात. फक्त मागच्या चक्रांमधली उडी बघा. आठ-स्पीडच्या एका नेहमीच्या ११-३४ कॅसेटमधे २६ वरून थेट ३४ येतो आणि माझ्या १४-३४ मधे तर २४ वरून थेट ३४. मधलं काहीच नाही, एक जड वाटतो आणि दुसऱ्यात पाय रिकामे फिरतात. चालवता येतं, सवय होते, पण १०-५१ मधे शेवटचे ३३, ३९, ४५, ५१ असे येतात तेव्हा किती आराम वाटतो ते चालवल्याशिवाय कळत नाही.

आता आहे त्या सायकलवर काय करता येईल, कारण नवीन सायकल प्रत्येकाला घेणं शक्य नसतं आणि गरजही नसते.

सगळ्यात स्वस्त काम चेनरिंग लहान करणं, वन-बाय असेल तर. ३२ चं ३० केलं की सगळेच गियर ६ टक्क्यांनी हलके होतात, २८ केलं तर साडेबारा टक्के. आधी क्रँकला (पेडलच्या दांडीला) चेनरिंग कसं बसलंय ते बघा. चार बोल्टवाला, बोल्टच्या वर्तुळाचं माप १०४ मिलिमीटर असेल तर साधारण ३२ च्या खाली जाता येत नाही, काही खास चेनरिंग ३० चे मिळतात पण त्याच्या खाली नाही. डायरेक्ट माउंट, म्हणजे चेनरिंग थेट क्रँकवर बसणारं असेल तर २८ पण बसतं. आणि स्वस्त सायकलींच्या ट्रिपल क्रँकला चक्रं रिव्हेटने ठोकलेली असतात, ती सुटी निघतच नाहीत, तिथे पूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो. ४२-३४-२४ च्या जागी ४२-३२-२२ चा मिळाला तर घ्या, ते दोन दात फार कामाचे आहेत.

मागे मोठी कॅसेट लावायची असेल तर तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) स्क्रू होणारं फ्रीव्हील आहे की स्प्लाइनवर सरकणारी कॅसेट. फ्रीव्हीलवाल्या हबवर कॅसेट बसत नाही, सरळ १४-३४ चं फ्रीव्हील शोधा, तेच सगळ्यात सोपं. दुसरी, मागचा डिरेलर किती मोठं चक्र झेपवतो. हे त्याच्या मॉडेल नंबरवरून शिमानो कंपनीच्या वेबसाइटवर सापडतं, नंबर डिरेलरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोरलेला असतो, टॉर्च मारून बघा. तिसरी, त्याची चेन ओढून धरायची क्षमता. पुढच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक. ४२-२२ चे २० आणि ११-३४ चे २३, एकूण ४३. डिरेलरची क्षमता याच्यापेक्षा कमी असेल तर चेन लोंबकळते किंवा ताणून काहीतरी तुटतं. दुकानदार "बसेल हो" म्हणतात, बसतं पण, पण मोठ्या-मोठ्या चक्रावर चुकून चेन गेली तर डिरेलर आणि हँगर (तो फ्रेमला जिथे बसतो तो भाग) दोन्ही जातात.

पूर्ण वन-बाय करायचं मनात असेल तर थेट १०-५१ च्या मागे लागू नका, कारण शिमानोच्या १०-५१ ला वेगळा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो, मायक्रोस्प्लाइन म्हणतात, तो तुमच्या हबला मिळाला नाही तर चाकच बदलायला लागेल. जुन्या साध्या फ्रीहबवर बसणारे पर्याय आहेत, मायक्रोशिफ्टच्या अॅडव्हेंट एक्स दहा-स्पीडची ११-४८, किंवा शिमानोची २०२३ पासून आलेली क्यूज. फक्त क्यूजचे शिफ्टर आणि डिरेलर जुन्या शिमानोबरोबर मिसळत नाहीत, घ्यायचं तर सगळं एकत्र घ्यावं लागतं. ३० पुढे आणि ४८ मागे, ०.६३. घाटासाठी एवढं बहुतेकांना पुरतं.

चेनची लांबी मात्र दर वेळी नव्याने मोजायची. जुनी चेन तशीच ठेवून मागे मोठी कॅसेट टाकली आणि चेन आखूड पडली तर काय होतं ते वर सांगितलंच. स्टँडवर टाकून हाताने पेडल फिरवत मोठ्या-मोठ्यावर न्या, डिरेलर पूर्ण ताणून सरळ रेषेत गेला असेल तर चेन आखूड आहे, सायकल बाहेर काढू नका. आणि डिरेलरचं वरचं छोटं चाक मोठ्या चक्राला घासत असेल तर बी-स्क्रू (डिरेलरचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा स्क्रू) आत घ्या, थोडं अंतर राहिलं पाहिजे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, विशेषतः नव्याने सुरू करणाऱ्या बायकांना आणि चाळिशी-पन्नाशीत सुरू करणाऱ्यांना. ग्रुपमधला जोरात चालवणारा माणूस तुम्हाला सांगेल, ३४ चं चेनरिंग घे, ताकद वाढेल तसा लहान वाटायला लागेल. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या पायांना ते खरं आहे. पण तासाला ९०० मीटर चढणाऱ्या माणसाला आणि ४०० चढणाऱ्या माणसाला एकच गियर कसा पुरेल? ६० फेऱ्यांना त्याला दुपटीहून जड गियर लागतो, एवढा सरळ हिशोब आहे. ताकद वाढली तर मोठं चेनरिंग कधीही लावता येतं, तासाभराचं काम आहे. जड गियरवर गुडघा धरला तर मात्र महिने जातात, आणि बरेच जण त्यानंतर सायकल गॅलरीत ठेवतात ती कायमची. माझ्या ओळखीच्या एक काकू ५६ व्या वर्षी सायकल शिकल्या, आम्ही त्यांना पुढे २८ लावून दिलं, तासाला ३२० मीटरने त्या सिंहगडाला जातात आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येतात. त्यांना कोणी म्हटलं नाही की गियर फार हलका आहे, आणि म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

गियर असून वापरायला उशीर करू नका एवढं मात्र सांगते. चढ सुरू व्हायच्या आधी हलक्या गियरवर या. जोर लावलेला असताना पुढचं चेनरिंग बदलायला गेलं की चेन अडकते किंवा पडते, म्हणून बदलताना अर्धी फेरी पाय सैल सोडायचा. आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर सगळ्यात हलका गियर संपवून टाकू नका, शेवटचा एक शिल्लक ठेवून चढायचा प्रयत्न करा. तो संपूर्ण घाटात कधीच उरत नसेल तर समजा की चेनरिंग बदलायची वेळ आली आहे.

माझी आत्ताची सायकल २९ ची आहे, पुढे ३०, मागे १०-५१. डिसेंबरात बॅगा लावून श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत जायचं ठरलंय. वरचंच गणित केलं: सामानासकट ३८०, छोटा चढ म्हणून ३० टक्के वाढवून ४९४, चढ १२ टक्के धरला तर वेग ४.१, मिनिटाला ६९ मीटर. ३० वर एका फेरीत १.३५ मीटर म्हणजे ५१ फेऱ्या. २८ लावलं तर १.२६ मीटर आणि ५४ फेऱ्या. दिवसातून दहा-बारा वेळा चढायचंय आणि तेही सलग पाच दिवस, म्हणून २८ मागवलंय. आलं की बसवून दोन कॅन पाण्याने भरून मागे बांधणार आणि एकदा पुण्याजवळच्या बोपदेव घाटात जाऊन बघणार.